दम कमी नाही, बोटं उशिरा पडतात

अमरावती-अकोल्याकडच्या बँडपथकांत क्लॅरिनेटबद्दल एक मत इतकं मुरलेलं आहे की त्यावर कुणी शंका घेतली तर तो शिष्टपणा ठरतो. खालचे सूर कुणालाही वाजवता येतात, वरचे सूर लागायला मात्र छातीत दम पाहिजे, असं ते मत. गाण्याचा मुखडा ठीक जातो, अंतरा वर चढू लागतो आणि नेमका त्या जागी सूर चिरकतो. मग शेजारचा ट्रम्पेटवाला खेकसतो, ‘जोर लाव ना बे!’ पोरगा जोर लावतो, ओठ आवळतो, आणि सूर पहिल्यापेक्षा जास्त फाटतो. त्यावर निदान तयारच असतं, की पोराला दम नाही. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. त्या जागी दम बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतो. कमी पडतात ती वेळेवर पडणारी बोटं. आणि जीभ सूर तोडायला लागते तेव्हा तिच्याबरोबर फुंकही तुटते. हे दोन्ही दोष शिकवून जातात. ‘दम’ हा शब्द एकदा उच्चारला की शिकवण्याची जबाबदारीच संपते, म्हणून त्या शब्दाशी माझं भांडण आहे.

हा समज आला कुठून, ते आधी पाहू, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही. ट्रम्पेटवर वरचा सूर खरोखरच ओठ आणि हवेच्या जोरावर निघतो. बासरीवरही बोटं तीच ठेवून फुंक बदलली की वरचं सप्तक मिळतं. पथकातला उस्ताद बहुतेक वेळा ट्रम्पेटवाला असतो आणि लहानपणी प्रत्येकाने बासरी कधीतरी तोंडाला लावलेली असते. त्या दोन वाद्यांचा नियम क्लॅरिनेटवर लादला गेला, पण क्लॅरिनेटची जात निराळी आहे. तिची नळी जवळपास सरळ, आणि पत्तीच्या टोकाला ती बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत मूळ सुरानंतर निघणारा पुढचा सूर दुप्पट कंपनांचा नसतो, तिप्पट कंपनांचा असतो. बासरी आणि सनई सप्तकावर उडी मारतात. क्लॅरिनेट सप्तक ओलांडून आणखी पंचमापर्यंत जाते. खाली ज्या बोटांनी षड्ज वाजतो, त्याच बोटांनी वर तार पंचम वाजतो. ही उडी घडवते डाव्या अंगठ्याजवळची छोटी चावी. ती दाबली की नळीच्या वरच्या भागातलं एक बारीक छिद्र उघडतं, मूळ कंपनाचा दाब तिथे टिकत नाही आणि हवा तिप्पट कंपनावर स्थिरावते. या कामात छातीचा वाटा फार थोडा.

याचा पुरावा कुठल्याही पथकाला दहा मिनिटांत मिळू शकतो. वाजवणाऱ्याने डाव्या हाताचा अंगठा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं छिद्रांवर ठेवून खालचा सूर लांब धरायचा, फुंक अजिबात बदलायची नाही. समोरच्या माणसाने, वाजवणाऱ्याला न सांगता, अंगठ्याजवळची ती चावी दाबायची. सूर आपोआप वर जातो, आणि तो चिरकत नाही. चावी सोडली की खाली येतो. वाजवणाऱ्याला काही करायला वेळच मिळालेला नसतो, तरी उडी स्वच्छ पडते. मग तोच माणूस स्वतः चावी दाबताना का फाटतो? कारण चावीबरोबर तो आणखी तीन गोष्टी करतो. अंगठा उचलून चावीकडे नेतो, त्यात अंगठ्याखालचं छिद्र क्षणभर उघडं पडतं. ‘आता वर जायचंय’ या धास्तीने पत्तीला चावतो. आणि फुंक ढकलतो. अंगठा उचलायचाच नाही, छिद्रावरच ठेवून त्याच्या कडेने चावीवर कलायचं, एवढी पहिली दुरुस्ती केली तरी निम्मे चिरकणारे सूर बंद होतील.

खरी अडचण मात्र या सरळ उडीत नाही. ती आहे खालच्या आणि वरच्या पट्ट्याच्या सांध्यावर, म्हणजे मूळ सूर संपून उडीचे सूर सुरू होतात त्या जागी, आणि गंमत अशी की हा सांधा आपल्या रागात कुठे येणार हे आपण निवडलेल्या षड्जावर ठरतं. याचा विचार फारसा होत नाही. बँडमधली नेहमीची क्लॅरिनेट काळी पाचची, म्हणजे अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं ठेवली की काळी पाचचा सूर निघतो. तिथे षड्ज धरला तर सांधा शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद यांच्या मधे येतो. सहाही बोटं टाकून पांढरी चारचा षड्ज धरला तर तार रिषभ-गंधाराच्या मधे. आता पुरुष गायकांची नेहमीची काळी एक घ्या. मध्य सप्तकाचा पंचम अशा सुरावर पडतो जो या वाद्यात सगळ्यात दुबळा आहे, कारण त्या सुराला अंगठ्याच्या चावीचं तेच बारीक छिद्र वापरावं लागतं. एकाच छिद्राला दोन कामं दिली की एक कामचलाऊ होणारच. आणि त्या पंचमाच्या शेजारचा कोमल धैवत लगेच सांध्यापलीकडे. काळी एकमध्ये भैरवी वाजवणाऱ्याने पंचमावरून कोमल धैवताला नुसता स्पर्श करायचा म्हटलं तरी जवळजवळ मोकळ्या नळीवरून पूर्ण बंद नळीवर जावं लागतं. भैरवीत ती जागा किती वेळा येते हे सांगायला नको. पोरगा तिथे फाटला की त्याला भैरवीचं अंग नाही म्हणतात. वस्तुतः त्याला वाद्यातली सगळ्यात अवघड जागा, काही न सांगता, सगळ्यात हळव्या रागात दिलेली असते. षड्ज अर्ध्या स्वराने खाली, पांढरी एकवर आणला तर पंचम आणि कोमल धैवत दोन्ही सांध्याच्या अलीकडे येतात. गायक नसेल तेव्हा हा पर्याय फुकटात मिळतो.

सांध्यावर बोटांचं नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्या दुबळ्या सुराच्या अर्धा स्वर खालच्या सुरावर डाव्या तर्जनीची एकच चावी दाबलेली असते, बाकी हात मोकळे. पलीकडच्या सुराला डावा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं, उजव्या हाताची तीन आणि एक करंगळी, अशी आठ बोटं एका क्षणी बसावी लागतात. त्यातलं एक जरी पापणी लवायच्या वेळेइतकं मागे राहिलं तर नळी अर्धवट बंद होते आणि वाद्य तिसराच कुठलातरी सूर देतं. त्याला लोक दम कमी पडला म्हणतात. उपाय जुना आहे आणि जगभर शिकवला जातो, तो असा की उजवा हात आधीच खाली ठेवायचा. अलीकडचे दोन-तीन सूर वाजत असताना उजव्या हाताची तीन बोटं आणि करंगळी त्यांच्या जागी असली तरी सूर बिघडत नाही. उलट त्या फिक्या सुरांना थोडी भर येते. मग सांध्यावर आठऐवजी चारच बोटांचं काम उरतं, आणि डावी तर्जनी चावीवरून उचलून आपटण्याऐवजी नुसती घरंगळत छिद्रावर येते. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या माणसाला कुणी सांगितलेली नसेल, तर त्यात त्याच्या फुप्फुसांचा काय दोष?

वाद्याचा दोष असतो की, असं कुणी म्हणेल, आणि इथे मी निम्मं मान्य करतो. भारतातल्या बँडवाद्यांचं माहेर मेरठ. तिथल्या जली कोठी भागात नादिर अली कंपनी १८८५ पासून आहे. तिथून आलेल्या क्लॅरिनेटच्या चावीखालची, छिद्र झाकणारी गादी नीट बसत नसेल, स्प्रिंग ढिली असेल, तर सांध्यापलीकडचा पहिला सूर निघणारच नाही, कारण त्या सुराला नळीवरची जवळपास सगळी छिद्रं घट्ट बंद असावी लागतात. जुन्या अल्बर्ट पद्धतीच्या वाद्यावर करंगळ्यांना आळीपाळीने काम देण्याची सोय कमी, त्यामुळे एका चावीवरून दुसरीवर करंगळी घसरवावी लागते. पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ मध्ये जी नवी रचना पुढे आणली, तिच्यात हीच अडचण बरीचशी सुटली. हे सगळं खरं. पण वाद्याला दोष देण्याआधी तो तपासायला पाहिजे, आणि तपासणी सोपी आहे. वाद्याचा एकेक तुकडा वेगळा करून बोटांनी छिद्रं झाकायची, खालचं टोक तळहाताने बंद करायचं आणि वरून हवा ओढायची. ओढ टिकली तर गाद्या ठीक आहेत. सूं करत हवा आत आली तर दुरुस्तीला टाका. ही तपासणी न करता ‘वाद्यच तसं’ म्हणणं हा आळस झाला. शिवाय तामिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी जे कर्नाटक संगीत वाजवलं ते याच वाद्यावर, सांधाही हाच. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नळीचं विज्ञान तिरुचिरापल्लीत निराळं आणि मूर्तिजापुरात निराळं नसतं.

पत्तीची गोष्ट थोडी वेगळी. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कोरडी झळ सुटते, आणि लग्नसराईही ऐन भरात तेव्हाच. पातळ पत्ती दोन गाण्यांच्या मधल्या वेळात वाळून लाटांसारखी वाकडी होते. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे जाड, टणक पत्ती लावणं, ‘टिकते’ म्हणून. टणक पत्ती हलवायला जबडा आवळावा लागतो, आवळलेल्या जबड्याने सांधा ओलांडला की चिरकणं ठरलेलं, आणि पुन्हा दमाचाच उद्धार. मध्यम पत्त्या तीन-चार आळीपाळीने वापरणं आणि मधल्या वेळात माउथपीसवर टोपी ठेवणं हा स्वस्त मार्ग आहे. उन्हाचा आणखी एक परिणाम विसरला जातो. नळीतली हवा दहा अंशांनी तापली की सूर अर्ध्या स्वराच्या पावापेक्षा थोडा जास्तच चढतो. सोबतच्या कॅसिओचा सूर मात्र जागचा हलत नाही. मग वाजवणारा ओठ सैल करून सूर खाली ओढत बसतो, आणि सैल ओठाला वरचा पट्टा धरवत नाही. माउथपीसखालचा लहान तुकडा थोडा बाहेर ओढला की हे ओढणं थांबतं.

आता जिभेबद्दलच्या एका प्रतिष्ठित आक्षेपाकडे येऊ, कारण तो शिकलेल्या लोकांचा आहे. जीभ मारून सूर तोडणं ही विलायती लष्करी बँडची सवय; आपलं संगीत मींडेचं, गायकी अंगाचं, त्यात जीभ लागतेच कशाला, असा तो आक्षेप. ऐकायला भारदस्त, पण गायक गाताना काय करतो हे त्यात पाहिलेलंच नाही. गायक शब्द गातो, शब्दाला व्यंजनं असतात, आणि प्रत्येक व्यंजन म्हणजे हवेचा क्षणभराचा अडसर. ‘विठ्ठल’ हे नाव स्वरात म्हणून पाहा. पहिल्या अक्षरानंतर जीभ वर टेकते, आवाज अंशभर थांबतो, मग ठ फुटतो. शेवटच्या ल वर जीभ हलकेच लागते आणि आवाज थांबत नाही. एकाच नावात दोन निराळे स्पर्श, एक कडक, एक मऊ. क्लॅरिनेटवाला हे नाव सगळं जोडून वाजवेल तर ऐकणाऱ्याला गजर ओळखू येईल, पण तो बोबडा वाटेल. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या एका पिढीने रेडिओवर शब्दांशिवाय ऐकल्या आणि तरी ओळी ओठांवर आल्या, त्यात सुरांच्या सुरुवातींचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या प्रभात बँडमध्ये बंडोपंत सोलापूरकरांनी रागसंगीत वाजवलं, रायचूरकडचे नरसिंहलू वडवाटी यांनी ख्याल वाजवला; त्यांच्या मींडेला जिभेने अडवलं नाही. सनईतही जीभ आहेच. तेव्हा गायकी अंग जिभेविना होतं हा युक्तिवाद गायकाच्याच तोंडात टिकत नाही. आकाराच्या तानेत जीभ नको, हे कबूल. पण गाणं म्हणजे काही सगळी तानच नव्हे.

जिभेबद्दलची खरी चूक तिच्या असण्यात नाही, तिच्या कामाच्या कल्पनेत आहे. बहुतेक ठिकाणी जीभ मारणं म्हणजे फुंकेचा धक्का असं समजलं जातं: प्रत्येक सुराला पोटातून नवा ठोसा. त्यामुळे प्रत्येक सुराच्या आधी दाब शून्यावर येतो, पत्ती थांबते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं. खालच्या पट्ट्यात हे खपून जातं. सांध्याच्या वर पत्ती नव्याने सुरू होताना खालचा सूर धरायचा की वरचा, यात घोटाळा होतो, आणि तोच घोटाळा चिरकण्याच्या रूपाने ऐकू येतो. फुंक सलग, दाब कायम, आणि जिभेचं टोक पत्तीच्या टोकाला नुसतं लागून सुटतं, एवढंच अपेक्षित आहे. नळाचं पाणी बंद न करता धारेतून बोट फिरवावं तसं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०१६ मध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या यंत्रावर फुंकेचा दाब, ओठांचा दाब आणि जिभेचं सुटणं यांचा सुराच्या आरंभावर होणारा परिणाम वेगवेगळा मोजला गेला. जीभ सुटण्याआधी तोंडात दाब तयार असणं ही बाब तिथे अंदाजाची राहत नाही. म्हणून सरावाचा क्रमही उलटा हवा. आधी सांधा जिभेविना, एका फुंकेत, स्वच्छ ओलांडता आला पाहिजे. मगच त्यावर जीभ. जो जोडून ओलांडू शकत नाही त्याची जीभ फक्त फाटलेला सूर झाकत असते.

यात आपल्याकडे एक तयार भांडवल पडून आहे. मराठी माणसाच्या जिभेला त, द, ट, ड हे चार निराळे स्पर्श जन्मापासून येतात. पत्तीला द चा मऊ स्पर्श लागतो. बँडमधली पोरं ट वापरतात, म्हणून सूर फटाक्यासारखा उडतो. आणि जलद लयीत तबल्याची पढंत करणारा ‘तकतक’ म्हणतो तेव्हा जिभेचं टोक आणि जिभेचं मूळ आळीपाळीने काम करतं. सुषिर वाद्यांवरच्या दुहेरी जिभेची चाल नेमकी तीच. तोंडात पत्ती असताना ती बासरी-ट्रम्पेटपेक्षा अवघड जाते, खरं आहे, पण तिचं शिक्षण परक्या अक्षरांतून घ्यावं लागत नाही.

मींडेचा मुद्दाही मोकळेपणाने तपासू. सांध्यावर मींड शक्य नाही, असं म्हणतात. गेर्शविनच्या १९२४ सालच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या आरंभी क्लॅरिनेटची वर घसरत जाणारी प्रसिद्ध ओळ आहे. ती वाजते कशी, हे त्याच न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २००९ मध्ये वादकांच्या तोंडातल्या पोकळीची मापं घेऊन पाहिलं गेलं. वरच्या पट्ट्यातली घसरण छिद्रं हळूहळू उघडण्याने तर होतेच, पण त्याबरोबर वादक जीभ आणि घसा अशा रीतीने मांडतो की तोंडाच्या पोकळीचा स्वतःचा अनुनाद सुराला ओढून नेतो. म्हणजे मींड मोकळ्या गळ्यातून निघते, आवळलेल्या जबड्यातून नाही. आपले गवई गळा मोकळा ठेवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. क्लॅरिनेटवाल्याला मात्र आपण दात आवळायला सांगतो.

उरला रस्त्याचा आक्षेप. अमरावतीच्या राजकमल चौकात डीजेच्या भिंती उभ्या असताना, धुमाल चालू असताना, एवढी नाजूक कारागिरी कोण ऐकणार? माझ्या मते गोंगाटातच ती जास्त लागते. डीजेशी आवाजात बरोबरी कुणाच्या छातीला होणार नाही, मग निदान सुराची सुरुवात तरी धारदार असावी. गोंधळात कान तीच पकडतो. चालता-चालता वाजवणं हा मात्र खरा त्रास आहे. पाऊण किलोच्या आसपासचं वाद्य एकट्या उजव्या अंगठ्यावर तोललेलं असतं, पावलागणिक माउथपीस दातांवर आदळतं, उजवा हात ताठरतो, आणि ताठरलेला उजवा हात सांध्यावर उशिरा पडतो. सॅक्सोफोनवाल्याच्या गळ्यात पट्टा असतो, क्लॅरिनेटवाल्याच्या का नसावा?

आणि ‘रक्तात असावं लागतं’ या म्हणण्याचं काय? ते कौतुकासारखं बोललं जातं, म्हणून जास्त घातक. महाराष्ट्रात वाजंत्रीचं काम फार मोठ्या प्रमाणावर मातंग समाजाने आणि इतर काही ठरावीक जातींनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांच्या कलेला ‘उपजत’ म्हटलं की तिला शाळा नको, वही नको, गुरूची फी नको, असा अर्थ आपोआप निघतो. आणि ती बिघडली तर दोषही त्या माणसाच्या शरीरावर, दमावर. गाण्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं शिकवता येतं या विश्वासावर, आणि आज अमरावती-अकोल्याची मुलं प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा देतात तीही त्याच विश्वासावर. त्या वर्गांत यमनचा पलटा जितका धीमा घोटवला जातो, तितका धीमा क्लॅरिनेटचा सांधा एखाद्या पथकात घोटवला गेला आणि तरीही सूर फाटला, तर रक्ताबद्दल बोलू. पथकांना वेळ नसतो हे कारण लग्नसराईपुरतं ठीक आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या सुपाऱ्या बंद असतात. अकोल्याची कावड, गणपती, अंबादेवीचं नवरात्र सोडलं तरी बरेच दिवस वाद्यं पेटीत पडून असतात. त्या दिवसांत रोज वीस मिनिटं, काळी एकला, उजवा हात खाली ठेवून, फुंक न तोडता, विलंबितात पंचम आणि कोमल धैवत एवढे दोनच सूर.